जास्वंदीचे झोपलेले डोळे

आमच्या गच्चीवरची जास्वंद गेल्या वर्षी डोक्याच्या वर गेली. खाली नुसत्या उघड्या काठ्या, आणि फुलं टोकाला चार, तीही हाताला न येणारी. शेजारच्या काकी कागलकडच्या, ऊसवाल्या घरातल्या. त्यांनी झाड बघितलं आणि म्हणाल्या, "छाटा की ओ. तोडल्याबिगर खोडवा फुटतोय व्हय?"

खोडवा म्हणजे ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. काकींनी वनस्पतिशास्त्रातला एक मोठा धडा एका वाक्यात उरकला होता. उसाच्या प्रत्येक कांड्यावर डोळा, म्हणजे फुटव्याचा बारीक कोंब असतो, पण शेंडा जोरात वाढतोय तोवर तो सहसा झोपून असतो. तुरा येऊन शेंड्याची वाढ थांबली की त्याच उसाला पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे फुटतात. जास्वंदीच्याही प्रत्येक पानाच्या बेचक्यात असाच डोळा दडलेला असतो, आणि तिला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यांवर. फुटवे जास्त, तर फुलं जास्त.

शेंडा डोळ्यांना दाबतो कसा? कोवळ्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली उतरत राहतं. 1933 मध्ये थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी शेंगवर्गातल्या एका रोपाचा शेंडा खुडून कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं. शेंडा नव्हता, तरी बाजूचे डोळे झोपलेलेच राहिले! कोडं सुटलं असंच वाटलं. पण ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरत नाही, आणि ते खोडातून सरकतंही सावकाश. शेंडा खुडल्यावर लांबचे डोळे मात्र तिथलं ऑक्सिन कमी व्हायच्या आधीच हलायला लागतात. 2014 मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांत यामागचं एक कारण सापडलं: साखर. पानांत बनलेली बरीचशी साखर वाढता शेंडा ओढून घेतो. तो गेला की ती डोळ्यांकडे वळते आणि डोळे जागे होतात. साखरेचं हे राजकारण कोल्हापूरकरांना वेगळं समजावायला नको.

छाटणी थंडी सरताना, फेब्रुवारीच्या शेवटी करावी. आपल्याकडच्या जुलैच्या झडीत नको. ओल्या जखमेवर बुरशी धरते. झाडाची साधारण एक तृतीयांश उंची कमी करा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधून त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्या. आतल्या डोळ्यावर कापलं तर फांदी झाडातच घुसते, मध्ये गर्दी होते आणि पिठ्या ढेकणाला आयती सावली मिळते. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसून घ्या. बोथट कात्रीने काडी चेचण्यापेक्षा न छाटलेलं बरं.

नंतरची चूक मी स्वतः केली. पानं कमी म्हणजे पाणी उडणंही कमी, पण मी रोज तांब्याभर ओतत राहिलो आणि मुळं गुदमरली. माती वरून सुकली की मगच पाणी द्यावं. शेणखत चालेल. युरियाची मूठ टाकलीत तर पानंच पानं येतील.

छाटलेल्या काड्या काकी टाकू देत नाहीत. वीतभर काडी कुंडीत खोचली की मुळं धरते, फक्त उलटी खोचायची नाही. ऑक्सिन काडीतही खालच्याच दिशेला जातं आणि तिथे साठून मुळं फोडतं. बुडखा-शेंडा ओळखायची काकींची युक्ती सोपी आहे: झाडावरून काडी तिरकी कापायची, वरचं टोक सपाट. तिरकी बाजू मातीत.