मी १००१ बोलतोय

फोनवर कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणालं, तर हल्ली आपण आधी संशय घेतो. युनिक्स या संगणकप्रणालीचे सर्व्हर मात्र वर्षानुवर्षं अशा फोनवर विश्वास ठेवत आले.

‘रिमोट प्रोसिजर कॉल’ (आरपीसी) म्हणजे दुसऱ्या संगणकाकडून एखादं काम घरच्यासारखं सांगून करून घेणं. त्यावरच सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) उभं केलं आणि नेटवर्कवरच्या फायली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या उघडू लागल्या. ओळख पटवायला विनंतीसोबत वापरकर्त्याचा क्रमांक जायचा, बस्स. १००१ लिहून आलं की १००१च्या फायली हजर! सर्व्हर सहसा ‘रूट’ला, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला, दारातच अडवतो खरा, पण स्वतःच्या यंत्रावर रूट असलेल्याने आधी १००१चं सोंग घेतलं, तर त्याला कळणार कसं?

मग सनने ‘सिक्युअर आरपीसी’ आणलं. डिफी-हेलमन पद्धतीने दोन्ही बाजूंनी एकच गुपित आपापलं काढायचं. क्लायंटने घड्याळातली वेळ कुलूपबंद करून पाठवायची, सर्व्हरने ती उघडून, एक सेकंद वजा करून, पुन्हा कुलूपबंद करून परत करायची. त्या एका सेकंदात सर्व्हरही खरा असल्याचं सिद्ध होतं. मला ही वजाबाकी फार आवडते. घोळ झाला तो दुसरीकडेच. गणिताचा पाया असलेली मूळ (प्राइम) संख्या जेमतेम १९२ बिटांची होती, आणि सगळ्यांसाठी तीच. एकदा मोठी आकडेमोड केली की पुढे कुणाचीही गुप्त किल्ली चटकन काढता येते, हे १९९१मध्ये ला-माकिया आणि ओडलिझ्को या संशोधकांनी दाखवून दिलं.

आज हे ओळख पटवण्याचं काम बहुधा कर्बेरोस या व्यवस्थेकडे असतं. पासवर्ड नेटवर्कवर जातच नाही. मधला विश्वासू सर्व्हर ठरावीक मुदतीचं तिकीट देतो. मांडणी करताना सर्व्हरची किल्ली ‘कीटॅब’ फायलीत ठेवायची, ती रूटशिवाय कुणाला वाचता येता कामा नये. पण रात्री जागवतात त्या दोन फुटकळ गोष्टी: डीएनएसमध्ये (यंत्रांच्या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या यादीत) न जुळणारी नावं, आणि घड्याळं. दोन यंत्रांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट सहसा नाकारलं जातं, आणि चुकीचा संदेश वाचून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

एनएफएसमध्ये कर्बेरोसच्या तीन पातळ्या आहेत: ‘केआरबी५’ निवडलं तर फक्त ओळख तपासली जाते, ‘केआरबी५आय’मध्ये मजकुरात फेरफार झाल्यास पकडता येतो, आणि ‘केआरबी५पी’मध्ये मजकूर झाकलाही जातो. बरेच जण पहिल्यावरच थांबतात, कारण फायली उघडलेल्या दिसतात. लिनक्सच्या एक्सपोर्ट्स फायलीत (कोणते फोल्डर कुणाला द्यायचे हे जिथे लिहितात) यातलं काहीच लिहिलं नाही, तर सर्व्हर आजही मुकाट्याने तो जुना क्रमांकच मान्य करतो.