ज्येष्ठ वाहनचालकांचे हृद्‌गतिमापन

साधारण पासष्टीपुढच्या चालकाच्या हृदयाचे ठोके वाहन चालवतानाच नोंदवून त्याच्यावर पडणारा ताण अजमावण्याची पद्धत. दृष्टितपासणी व रस्त्यावरील चाचणी यांना ती पूरक आहे. त्यांची जागा घेत नाही.

पद्धतीचा पाया ठोक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्यातील अंतराच्या चढउतारात आहे. मिनिटाला ६० ठोके पडत असले, तरी प्रत्येक अंतर नेमके १,००० मिलिसेकंद नसते. ९६०, १,०३०, ९९० असे ते हलत राहते. श्वासाबरोबर होणाऱ्या या बदलाच्या शोधाचे श्रेय काही जण इंग्रज शास्त्रज्ञ स्टीव्हन हेल्स यांच्या १७३३ मधील निरीक्षणांना देतात. मात्र त्याचा आलेख जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक कार्ल लूटविख यांनी १८४७ च्या सुमारास काढला, आणि मापनाचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. हिंडत्याफिरत्या माणसाचा हृद्‌विद्युत् आलेख (ईसीजी) घेणे अमेरिकी संशोधक नॉर्मन होल्टर यांच्यामुळे शक्य झाले; त्यांचे पाठीवर वाहायचे पहिले यंत्र सुमारे ३८ किग्रॅ. वजनाचे होते.

१९९६ मध्ये युरोपीय व उत्तर अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने मापनाचे निकष ठरवले. त्यांनुसार हा चढउतार सेकंदाला किती वेळा होतो (कंप्रता) यावरून त्याचे पट्टे पाडतात : ०·१५ ते ०·४० हर्ट्‌झ हा उच्च कंप्रतेचा पट्टा मुख्यतः परानुकंपी (हृदयाची गती मंदावणाऱ्या) तंत्रिकांचे कार्य दर्शवतो. ०·०४ ते ०·१५ हर्ट्‌झ या निम्न कंप्रतेच्या पट्ट्याचा अर्थ वादग्रस्त आहे. दोन्ही पट्ट्यांचे गुणोत्तर म्हणजे थेट ‘ताण’, हे समीकरण पुष्कळ काळ रूढ होते. निम्न कंप्रतेच्या पट्ट्यात रक्तदाब-नियमनाचाही वाटा असल्याने आता ते जपूनच वापरले जाते.

वयानुसार हा चढउतार मुळातच घटतो. त्यामुळे तरुणांची प्रमाणे वृद्धांना लावणे अन्यायाचे ठरते. चालकाची तुलना त्याच्याच विश्रांतीतील नोंदीशी करावी. बीटा-रोधक औषधे गती मंदावतात, तर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) किंवा पेसमेकर असल्यास नेहमीचे गणित लागूच पडत नाही. उतारवयात नित्य आढळणारा एखादा अवेळी ठोकाही फसवतो : ६०० मिलिसेकंदांवर ठोका, मागोमाग १,४०० चा विराम, आणि चढउतार एकदम भरघोस दिसतो. असे ठोके नजरेने तपासून वगळावे लागतात. नोंद सुकाणूचक्रातून (स्टिअरिंगमधून) घेतल्यास त्यातील विद्युतग्रांना (हृदयाचे विद्युत् संकेत टिपणाऱ्या पट्ट्यांना) सहसा दोन्ही हातांचा स्पर्श लागतो. गिअर बदलताना नोंद तुटते.

समोरून येणारी वाहने ओलांडून वळताना अंतरे आखडली, तर चालक घाबरला की सावध झाला, हे आलेख सांगत नाही. म्हणून त्याच क्षणाचे रस्त्याचे चित्रण सोबत पाहतात. केवळ या नोंदीवरून परवाना नाकारणे समर्थनीय नाही. चक्कर किंवा शुद्ध हरपण्याचा पूर्वेतिहास असल्यास तपासणी हृदयरोगतज्ज्ञाकडे जाते.