तरोटा की कासविंदा? शेंग नका दाखवू, पान पाहा

मृग बरसला की नागपुरातल्या रिकाम्या प्लॉटांवर, नाल्यांच्या काठानं आणि शेतांच्या धुऱ्यांवर तरोटा ही रानभाजी उगवते, आणि तिच्यासारखाच दिसणारा कासविंदाही. आठवडाभरात मोबाइलवर फोटो यायला लागतात: "हाच ना तरोटा?" त्यावर कोणीतरी जाणकार लगेच सांगतो, "तरोट्याची शेंग लांब, बारीक अन् वाकडी. कासविंद्याची चपटी. एवढं पाहा, चुकणार नाही." उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. फक्त शेंगा धरायला पाऊस सरावा लागतो, आणि भाजी आज रात्री फोडणीला पडायची असते. दरवर्षी हेच उत्तर, दरवर्षी तोच शेंगेचा फोटो. मी सांगून सांगून थकले, म्हणून आता एकदाच नीट लिहिते.

तरोट्याबद्दल विदर्भातल्या माणसाला काय सांगायचं? कोकणातला टाकळा तो हाच. कोवळा पाला खुडायचा, उकडून पिळायचा, भिजवलेली चणाडाळ, ठेचलेला लसूण आणि लाल मिरची घालून परतायचा, ज्वारीच्या भाकरीसोबत खायचा. श्रावण सरता सरता तो जून आणि कडवट होतो, तेव्हा नाद सोडायचा. पाला किंवा बी वाटून गजकर्णावर लावतात. संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात ते त्या गोल चट्ट्यांवरून.

कासविंदा त्याचा चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्रात दोघंही सेना (Senna) या एकाच वंशातले. शास्त्रीय नावानं तरोटा म्हणजे सेना टोरा, कासविंदा म्हणजे सेना ऑक्सिडेंटॅलिस. फुलं दोघांची पिवळी, पाच पाकळ्यांची. संस्कृतात हा कासमर्द, म्हणजे खोकला मोडणारा. एक चक्रमर्द, दुसरा कासमर्द. नावं वाचूनच निम्म्या लोकांची गाडी घसरते. त्यात कासविंद्याला कुठं कुठं रानटाकळाही म्हणतात, जणू टाकळा कोणी कुंडीत लावून वाढवतो! तरवड हे तिसरं झुडूप मात्र यात ओढू नका. त्याच्या सालीनं कातडं कमावतात, त्याच्या एका पानाला दहाएक जोड्या असतात. तरोट्याशी त्याचं साम्य फक्त पहिल्या दोन अक्षरांचं.

आता पानाकडे येऊ, कारण जून-जुलैत हातात तेवढंच असतं.

ज्याला आपण एक पान म्हणतो ते खरं तर एका दांडीवर समोरासमोर लागलेल्या पानोळ्यांचं असतं. तरोट्याच्या दांडीवर तीन जोड्या, म्हणजे सहा पानोळ्या. कासविंद्याला बहुधा चार-पाच जोड्या. हे मोजणं बहुतेकांना माहीत असतं, आणि फसतातही ते इथंच. रोप वीतभर असताना खालच्या पहिल्या पानांवर जोड्या कमी असतात. भाजीला तर आपण नेमकं तेच वीतभर रोप खुडतो. म्हणून नुसत्या मोजणीवर मी कधीच भाजी घरात घेत नाही.

पानोळीचा आकार पाहा, आणि आकारात एकच गोष्ट पाहा: ती सर्वांत रुंद कुठं आहे? तरोट्याची पानोळी देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, वर गोल. भुईमुगाचं पान डोळ्यांसमोर आणा. त्यालाही अशाच टोकाकडे रुंद पानोळ्या असतात, फक्त दोन जोड्या. भुईमुगाला आणखी एक जोडी लावली की झाला तरोटा. कासविंद्याचं बरोबर उलटं. पानोळी देठाजवळ रुंद आणि पुढं निमुळती होत टोकदार, भाल्याच्या पात्यासारखी. आकाराची ही ठेवण कोवळ्या रोपातही ओळखू येते.

मला हे एका म्हातारीनं शिकवलं. महालातल्या बुधवार बाजारात ती रामटेककडून भाजी घेऊन यायची. मी पिशवीतून माझा 'तरोटा' काढून दाखवला, सोनेगावच्या बाजूनं मोठ्या हौसेनं खुडून आणलेला. तिनं एक पान उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "अवो बाई, टोक पाहा ना त्याचं. हे तं भाल्यावानी आहे. आपला तरोटा बोटावानी, वरतं गोल. हे ढोरं बी तोंडात घेत नाहीत." अख्खी पिशवी तिनं टोपलीमागं ओतून टाकली, आणि स्वतःचा एक ढीग माझ्या हातात दिला. त्याचे पैसे मात्र घेतले.

तरीही शंका उरलीच तर तिसरी खूण आहे, आणि ती सगळ्यांत पक्की. पानाच्या दांडीवर बारीक गाठ असते, ग्रंथी म्हणतात ती. तरोट्यात ती वर, सगळ्यांत खालच्या जोडीच्या पानोळ्यांमध्ये असते. नारिंगीसर, बारकी, काडीसारखी उभी. कासविंद्यात ती पार खाली, दांडी जिथं खोडाला चिकटते त्याच्या अगदी जवळ. गडद आणि घुमटासारखी फुगीर. जोड्यांच्या मध्ये असेल तर तरोटा, दांडीच्या बुडाशी असेल तर कासविंदा. चष्मा लावा, उन्हात धरा, पण पाहा. बाजारात जुडी पूर्ण दांडीसकट मिळत असेल तरच ही खूण कामाची. नुसता ओरबाडलेला पाला घेतला तर बूड रोपावरच राहिलेलं असतं. म्हणून मी ओरबाडलेला पाला घेतच नाही, कितीही स्वस्त दिला तरी.

संध्याकाळी घेत असाल तर आणखी एक अडचण. दोन्ही झाडं अंधार पडला की पानं मिटतात. मिटलेली पानोळी सारखीच दिसते. बोटानं उघडून बघायची, लाजायचं नाही. भाजीवाली काही म्हणत नाही, मागचं गिऱ्हाईकच कुरकुरतं.

आणि कृपा करून 'वास घ्या, घाण वास आला तर कासविंदा' हे सांगणं थांबवा. चुरडला तर तरोट्यालाही उग्र वास येतो. ज्यानं आयुष्यात एकदाही तरोटा खुडला नाही तोच असं सांगू शकतो.

एवढं डोकं का खपवायचं, असं विचारणारे आहेत. कासविंद्याचा कोवळा पाला काही भागांत शिजवून खातात, औषधातही वापरतात, हे खरंच आहे. पण त्याच्या कच्च्या शेंगा आणि बिया लहान मुलांसाठी जीवघेण्या ठरल्या आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं पावसाळ्यानंतर लहान मुलं अचानक उलट्या होऊन बेशुद्ध पडत आणि दगावत. सगळे मेंदूज्वर म्हणत होते. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनी 2007 मध्ये त्याचा संबंध याच झाडाच्या शेंगांशी लावून दाखवला. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर घाला. पुढं 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी पाड्यांमधली मुलं अशीच एकामागून एक गेली. काहींना जपानी मेंदूज्वर होता, पण जॉन यांच्या समितीनं या बियांमधल्या अँथ्राक्विनोन या विषारी द्रव्याकडेही बोट दाखवलं. ओडियात तरोट्याला चाकुंडा म्हणतात आणि कासविंद्याला बडा चाकुंडा. आपल्याकडे टाकळा आणि रानटाकळा. एका शब्दाचा फरक, आणि दोन वर्षांच्या पोराला तो शब्द वाचता येत नाही.

गुरांनाही त्रास होतो. बिया चाऱ्यात गेल्या तर स्नायू लुळे पडतात. मोठं जनावर ताजं झाड सहसा टाळतं, पण धान्यात मिसळलेली बी त्याला वेगळी काढता येत नाही.

म्हणून शेंगेची खूण मी अगदीच निकालात काढत नाही. तिची वेळ वेगळी आहे, दिवाळीच्या आसपासची. तेव्हा गावोगाव बाया तरोट्याचं बी गोळा करून व्यापाऱ्याला विकतात. त्यापासून डिंकासारखी पूड होते, ती जेलीसारखा घट्टपणा आणायला वापरतात. कोणी तेच बी भाजून कॉफीसारखं पितात. गंमत म्हणजे कासविंद्याचं बीही पूर्वापार भाजून कॉफीसारखं प्यायलं जातं, त्यामुळे 'तरोटा कॉफी' नावाची घरगुती पाकिटं मी तरी उघडून पाहिल्याशिवाय घेत नाही. पूड असेल तर घेतच नाही, अख्खं बी असेल तर तळहातावर ओतते. तरोट्याचं बी चकचकीत, तपकिरी आणि तिरकं कापलेल्या शंकरपाळ्यासारखं. कासविंद्याचं चपटं, गोलसर, मंद रंगाचं, टिकलीसारखं. सुपात घेऊन पाखडलं तरी दोन्ही वेगळी होत नाहीत, वजनात तेवढा फरक नसतो. ते हातानंच निवडावं लागतं, मुगातले खडे निवडतात तसं, उजेडाच्या दिशेनं सूप धरून.