तांदूळ धुण्याची रीत आणि पाटाचं पाणी

कळंगुटमधल्या एका हॉटेलामागे एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या, ऑपरेटरने टाकीतलं चॉकलेटी पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरलं आणि घड्याळ बघितलं. पाचेक मिनिटांत त्यात कापसासारखे पुंजके जमले. अर्ध्या तासाने 300 मिलीलिटरच्या खुणेपर्यंत गाळ, वर निवळ पाणी. ‘‘आज बरं बसलंय,’’ तो म्हणाला. पुंजके म्हणजे जिवाणूंच्या वसाहती. घाण तेच खातात. आपण हवा पुरवायची आणि मग त्यांना खाली बसू द्यायचं.

हे दोन तऱ्हांनी होतं. एक, कुळागरातल्या पाटासारखी: पाणी अखंड येतं, हवेच्या टाकीतून बसवणीच्या टाकीत जातं, बसलेला बराचसा गाळ पंपाने मागे फिरतो. दुसरी तांदूळ धुण्याची: भरा, ढवळा, थांबा, वरचं पाणी ओता, गाळ ठेवून पुन्हा भरा. सगळं एकाच टाकीत, साधारण चार-सहा तासांच्या फेऱ्यांत. ही एसबीआर, म्हणजे सिक्वेन्सिंग बॅच रिअॅक्टर. पणजीजवळच्या टोंकचा प्रकल्पही याच जातीचा.

मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये ही प्रक्रिया मांडली तेव्हा ती भरा-ओता अशीच होती. पण दर फेरीला माणसाने झडपा फिरवायच्या, हा ताप कोण घेणार? म्हणून पाट आला. टायमर आणि संगणक आल्यावर जुनी रीत परतली.

मला यातली खरी मौज वाटते ती जिवाणूंच्या भुकेची. फेरीच्या सुरुवातीला मेजवानी, शेवटी उपवास. अशा वेळी जे भराभर खाऊन साठवतात, तेच टिकतात, आणि बहुधा घट्ट पुंजके करणारे तेच असतात. पूर्ण ढवळलेल्या वाहत्या टाकीत मात्र अन्न सदैव तुटपुंजं. तिथे लांब धाग्यांसारखे जिवाणू चहूकडे हात पसरून फोफावतात. त्यांचा गाळ फुगतो, बसतच नाही. मोजपात्रात खूण 800 वर गेली की ऑपरेटरचं तोंड उतरतं.

शनिवारी रात्री हॉटेल भरतं, मंगळवारी ओस पडतं. अशा ठिकाणी फेरीची वेळ बदलता येणं सोयीचं. मोठ्या, एकसारख्या प्रवाहाला बहुधा पाट परवडतो. फेरीवाल्या टाकीत पाणी बसत असताना नवं घेता येत नाही, म्हणून जोडीला दुसरी टाकी किंवा साठवण लागतेच. आणि सगळी भिस्त डिकँटरवर. निवळ पाणी वरून काढणारा हा हात गाळ बसण्याआधीच खाली आला, तर पुंजके थेट बागेच्या पाइपात.