ब्लेरांकूरच्या ॲन मॉर्गन

अमेरिकेत ॲन मॉर्गन यांची ओळख आजही बहुधा ‘बँकर जे. पी. मॉर्गन यांची धाकटी लेक’ अशीच करून दिली जाते. उत्तर फ्रान्समधल्या एन जिल्ह्यात त्यांची आठवण निघते ती बिछाने, बी-बियाणे, परिचारिका आणि पुस्तके यांच्या संदर्भात.

जन्म २५ जुलै १८७३. चार भावंडांत त्या शेंडेफळ. फ्रान्सचा लळा लागला तो पहिल्या महायुद्धाच्या कितीतरी आधी. व्हर्सायमधल्या ‘व्हिला त्रियानाँ’ या घरात गृहसजावटकार एल्सी डी वूल्फ आणि नाट्य-साहित्य एजंट एलिझाबेथ मार्बरी यांच्याबरोबर त्यांची भागीदारी होती. तिथल्या मेजवान्या, फर्निचर, बागा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पुढे खरी उपयोगी पडली ती तिथे मुरलेली फ्रेंच भाषा. १९१३ मध्ये वडील गेले आणि वारशाचे ३० लाख डॉलर हाती आले, त्यामुळे कुणाच्या परवानगीसाठी थांबायचे कारण उरले नाही.

१९१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मन सैन्य हिंडेनबर्ग रेषेपर्यंत, म्हणजे मागे तयार केलेल्या तटबंदीच्या फळीपर्यंत, मागे हटले, आणि जाताना मुलूख निकामी करत गेले. घरे सुरुंगाने उडवली, विहिरी नासवल्या, फळझाडे बुंध्यापाशी तोडली. कूसीच्या किल्ल्याचा ५४ मीटर उंच बुरूज सुमारे २८ टन स्फोटके लावून पाडला. घर आठवड्यात डागडुजी करून राहण्याजोगे करता येते, पण सफरचंदाचे झाड फळाला यायला वर्षे लागतात. परतलेल्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले ते इथे.

त्याच उन्हाळ्यात फ्रेंच सेनापती जनरल पेतँ यांच्या परवानगीने ॲन मॉर्गन आणि त्यांच्या सहकारी डॉ. ॲन मरे डाइक एन जिल्ह्यातल्याच ब्लेरांकूर गावच्या पडक्या शातोत (सरदारी वाड्यात) मोजक्या बायकांसह मुक्कामाला आल्या. मूळ वास्तू सतराव्या शतकातली, वास्तुकार सालोमाँ द ब्रॉसने बांधलेली. बरीचशी फ्रेंच राज्यक्रांतीतच गेली होती, उरले होते दरवाजे आणि बाजूच्या लहान इमारती. आवारात लाकडी बराकी उभ्या राहिल्या. संस्थेचे नाव ‘उद्ध्वस्त फ्रान्ससाठी अमेरिकन समिती’. १९२४ पर्यंत सुमारे ३५० अमेरिकन स्वयंसेविका तिथे येऊन गेल्या.

भरतीच्या अटी तीनच, पण कडक: फ्रेंच बोलता आले पाहिजे, मोटार चालवता आली पाहिजे आणि खर्च स्वतःचा. तिसऱ्या अटीमुळे हे काम सुखवस्तू घरांतल्या मुलींपुरतेच राहिले, हे मान्यच करावे लागेल. पहिल्या दोन अटी मात्र निव्वळ सोयीच्या होत्या. फोर्ड गाडी चिखलात रुतली तर ती बाईनेच काढायची, आणि गावच्या मेअरशी बियाण्याचा हिशेबही तिनेच करायचा. दुभाषा मध्ये आला की दिवस वाया जायचा. वस्तू सरसकट फुकट वाटण्यापेक्षा शक्य तिथे स्वस्तात विकण्यावर भर असे. घेणाऱ्याची मान ताठ राहते, आणि गरज नसताना कुणी रांगेत उभे राहत नाही.

१९१८ च्या वसंतात जर्मनांनी पुन्हा मुसंडी मारली. वर्षभर सावरलेली गावे पुन्हा रिकामी झाली. बियाणे नेणाऱ्या त्याच गाड्यांतून म्हातारी माणसे आणि पोरेबाळे मागे न्यावी लागली. युद्ध थांबल्यावर सगळे पहिल्यापासून, आता जमिनीत न फुटलेले तोफगोळे आणि काटेरी तारांची भेंडोळी यांच्यासह.

पैसा उभा करण्यात ॲनबाईंचा हात धरणारे कुणी नव्हते. उद्ध्वस्त गावांचे फोटो आणि चित्रफिती अमेरिकाभर फिरवल्या. १४ जानेवारी १९२१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेनी लेनर्ड विरुद्ध रिची मिचेल ही मुष्टियुद्धाची लढतच समितीच्या मदतीसाठी भरवली. मॉर्गनांच्या घरातली बाई आणि मुष्टियुद्ध!

सगळ्यात टिकाऊ ठरले ते ग्रंथालयांचे काम. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आलेल्या जेसी कार्सन यांनी स्वासाँ, विक-सुर-एन, अनिझी, कूसी आणि ब्लेरांकूर इथे वाचनालये उघडली. फ्रान्समध्ये तेव्हा बहुतेक ठिकाणी पुस्तक मागायचे आणि कर्मचारी आणून देईपर्यंत थांबायचे, अशी रीत होती. इथे मांडण्या उघड्या ठेवल्या, मुलांसाठी वेगळा कोपरा केला, आणि दूरच्या गावांना मोटारीने पुस्तके पोचवली. मूल स्वतः पुस्तक खाली काढते, चाळते, नको असेल तर परत ठेवते; यातली नवलाई आज कळणार नाही. घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांचे जाळेही असेच बसवले आणि पुढे स्थानिक फ्रेंच संस्थेच्या हाती दिले.

ॲन मॉर्गन यांनी १९१९ मध्ये शातो विकत घेतला, तिथे संग्रहालय सुरू केले आणि १९२९ मध्ये तो फ्रेंच सरकारला देऊन टाकला. आज तिथे फ्रान्स-अमेरिका मैत्रीचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९३२ मध्ये त्या लेजिओं दॉनर या फ्रान्सच्या सर्वोच्च सन्मानाच्या ‘कमांडर’ झाल्या. हा दर्जा मिळालेली ती पहिली अमेरिकन स्त्री. दुसऱ्या महायुद्धाची चाहूल लागली तशी त्यांनी पुन्हा नवी मदत समिती उभी केली, तेव्हा त्यांचे वय पासष्टच्या घरात होते.

डॉ. डाइक १९२९ मध्ये वारल्या. त्यांची कबर ब्लेरांकूरलाच आहे. ॲन मॉर्गन २९ जानेवारी १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यात वारल्या आणि कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या सीडर हिल दफनभूमीत, मॉर्गन कुटुंबाच्या जागेत, त्यांना पुरले.