स्मार्ट स्विच घेताय? प्लास्टरआधी काळी वायर ओढून घ्या

दसऱ्याच्या आठ दिवस आधी फोन येतो. वास्तुशांत ठरलेली, रंगाचा शेवटचा हात झालेला, आणि "दिवे-पंखे मोबाइलवर घ्यायचेत, मॉड्यूल बसवून जा." आमचा माणूस जातो, बेडजवळचा बोर्ड उघडतो, तर आत काळी वायरच नाही. म्हणजे न्यूट्रल, वीज परत नेणारी वायर, नाही. काम तिथेच अडतं.

साधा स्विच फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतो-जोडतो. म्हणून वायरमन दिव्याचा न्यूट्रल परस्पर छतात नेतो. यात त्याची चूक नाही, साध्या स्विचला तेवढं पुरतं. स्विचमागे बसणारं मॉड्यूल मात्र दिवा बंद असतानाही जागं असतं, नाहीतर मोबाइलवरून दिलेला हुकूम ऐकणार कोण? त्यासाठी त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. हॉलच्या बोर्डात सॉकेट असतं, त्यामुळे तिथे न्यूट्रल बहुधा सापडतो. रडगाणं असतं ते बेडजवळच्या टू-वेचं (एकच दिवा दोन जागांहून लावायचा स्विच), जिन्याचं आणि बाथरूमबाहेरच्या दोन स्विचच्या पट्टीचं.

"मग अर्थिंगची हिरवी वायर जोडा की!" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. जोडणार नाही. जादा पैसे दिलेत तरी नाही. अर्थिंगमध्ये करंट सोडला की 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) कधीही पडू शकतो. त्याहून वाईट म्हणजे पुढे कुठे अर्थिंग तुटलं, तर मॉड्यूलमधून आलेला करंट फ्रिज-गीझरच्या पत्र्यावर उतरतो. कोणी "तसंच करून देतो" म्हणालं, तर आरसीसीबी काढून टाकायचा सल्लाही तोच देईल, सावध राहा. शेजारच्या बोर्डातला न्यूट्रलही सरसकट चालत नाही. तो दुसऱ्या आरसीसीबीवरचा असला की ट्रिपिंग सुरू.

न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, आम्हीही विकतो. पण ती दिव्यातूनच थोडा करंट ओढतात, त्यामुळे 5 वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणू शकतो. मग दिव्यापाशी कपॅसिटर लावावा लागतो. नाइलाज असेल तिथेच घ्या.

प्लास्टर व्हायचं असेल तर वायरमनला सांगा: स्विचच्या प्रत्येक डबीत 1 स्क्वेअर एमएमची काळी वायर, आणि डबी खोल घ्या. उथळ डबीत मॉड्यूल कोंबलं की प्लेट नीट बसत नाही. रंग झाला असेल तर पाइपातून स्प्रिंग टाकून बघतो. पाइप गच्च भरलेला असेल तर भिंत खोदून झिरी मारण्यावाचून इलाज नाही. मॉड्यूल पंधरा मिनिटांत बसतं, वायर ओढायला कधी अख्खा दिवस जातो. म्हणून त्या कामाचं बिल वेगळं असतं, त्यावर घासाघीस नको.

गीझरला 10 अँपिअरचं मॉड्यूल लावू नका. 2 किलोवॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, त्याला 16 चं लागतं. नेट गेलं तरी भिंतीवरचा स्विच हाताने चालतोच, ती काळजी नको.

मॉड्यूल सगळी एकदम घ्यायची गरज नाही. यंदा हॉल, पुढच्या दिवाळीला बेडरूम, असं चालतं. वायर मात्र घरभर एकदाच टाकून घ्या. मेन बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या आणि आतले फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. प्लास्टरआधी बोलावलंत तर पाहणीचे पैसे घेत नाही.