आवळलेली नळी, सुजलेली नळी : कोकणातल्या दम्यामागची पार्श्वभूमी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या १७व्या अध्यायात श्वासाचे पाच प्रकार दिले आहेत. त्यातला तमकश्वास म्हणजे बहुतांशी आजचा दमा. रोग्याला आडवे झाले की त्रास वाढतो, उठून बसले की बरे वाटते, ऊन ऊन हवेसे वाटते. ढग, पाऊस, गारठा आणि पूर्वेचा वारा यांनी दुखणे बळावते, असे तिथे नोंदले आहे. कोकण किनाऱ्यावर पूर्वेचा वारा म्हणजे मतलई. दुपारचा खारा वारा रात्री पडतो आणि पहाटेकडे डोंगरावरून दर्याच्या दिशेने गार झुळूक सुटते. दम्याचा जोरही पहाटे तीन-चारलाच असतो. पण सगळे खापर मतलईवर फोडता येणार नाही. मध्यरात्रीनंतर शरीरातली कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरके उतरलेली असतात, त्यामुळे श्वासनळ्या सगळ्यांच्याच थोड्या अरुंद होतात. धडधाकट माणसाला ते कळत नाही. दमेकऱ्याला मात्र पडवीत येऊन, गुडघ्यावर हात टेकून बसावे लागते.

‘अस्थमा’ हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ धापा टाकणे. कित्येक शतके तो लक्षणाचाच शब्द राहिला. हृदय दमल्याने लागणारी धापही त्यातच मोडे. १८६० साली लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टर या डॉक्टरांनी दम्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात हा विचार पक्का झाला. त्यांना स्वतःलाही दमा होता. उपाय म्हणून ते रिकाम्या पोटी कडक काळी कॉफी सुचवत. कॉफीतले कॅफीन हे थिओफायलिन या दम्याच्या जुन्या औषधाचे सख्खे भावंड, तेव्हा त्यात तथ्य होते. कोरा चहा घेतल्यावर छाती जरा मोकळी होते, तीही याच कारणाने. मात्र ते ‘जरा’च, चढलेला दमा कपभर चहाने उतरत नाही.

धोतऱ्याची गोष्ट उलट्या वाटेने गेली. वाळवलेला धोतरा ओढण्याचा उपाय १८०२च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये पोचला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तिकडे दम्याच्या सिगारेटी औषधांच्या दुकानात विकल्या गेल्या. धोतऱ्यातले ॲट्रोपिनसारखे घटक आवळलेले स्नायू सैल करतात. आज नेब्युलायझर या औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रातून देतात ते इप्राट्रोपियम त्याच कुळातले. धोतऱ्यात अडचण मात्रेची. एका झाडाच्या पानात किती, दुसऱ्याच्या किती, याला धरबंध नाही. जरा जास्त झाले की तोंड कोरडे, नजर अंधुक आणि मग भ्रम. बांधावर फुकट उगवतो म्हणून तो आजमावू नये.

१९०३मध्ये ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आले. १९५६मध्ये आजच्या पंपाचा पूर्वज बाजारात आला. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या अध्यक्षांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने, औषध केसांच्या फवाऱ्यासारखे का मिळत नाही, असे विचारले आणि त्यातून तो जन्मला. पण १९६०च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याने मरणाऱ्या तरुणांचा आकडा अचानक चढला. तेव्हा आयसोप्रेनलिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे जास्त ताकदीचे पंप सर्रास वापरात होते. दोन मिनिटांत बरे वाटते म्हणून माणसे दिवसभर फवारे घेत राहिली आणि दवाखान्यात उशिरा पोचली. १९६९मध्ये सालब्युटामॉल आले, ते हृदयाला बरेच सौम्य. तरी मूळ चूक तशीच राहिली, कारण सैल होत होता तो स्नायू; नळीच्या आतली सूज जागच्या जागी होती.

दम्याने गेलेल्यांच्या शवविच्छेदनात चिकट कफाचे गोळे आणि सुजलेले अस्तर फार पूर्वीच दिसले होते. त्याचा अर्थ उपचारात उतरायला १९७२ उजाडले. कॉर्टिसोन हे सूज उतरवणारे स्टिरॉइड १९५०पासून माहीत होते, पण गोळ्यांनी चेहरा सुजे, साखर वाढे, हाडे ठिसूळ होत. १९७२मध्ये बेक्लोमेथॅसोन हे स्टिरॉइड पंपातून मिळू लागले. हिशेब पाहा : अटॅकमध्ये मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची ४० मिलिग्रॅमची गोळी देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. पंपातल्या स्टिरॉइडचा रोजचा कमी डोस २०० ते ४०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, तोही थेट नळीवर. औषधे वेगवेगळी आहेत, तरी अंतर ध्यानात येते. ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हे वाक्य म्हणूनच नेमके उलटे आहे. सर्वांत वाईट म्हणजे लेबल नसलेल्या पुड्या. त्यात स्टिरॉइड मिसळलेले असले तर दमा आठवड्यात पळतो आणि पुडी अचानक थांबवली की माणूस कोसळू शकतो.

सूज येते कशाने, याचे एक मोठे उत्तर १९६४मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनहून आले : घरातल्या धुळीतले माइट नावाचे, डोळ्यांना न दिसणारे किडे. माणसाच्या कातडीचा कोंडा हे त्यांचे अन्न, आणि त्यांच्या विष्ठेतली प्रथिने ॲलर्जीचे कारण. त्या ॲलर्जीमागचे आयजीई हे प्रतिपिंड १९६०च्या दशकातच, दोन-तीन वर्षांनी सापडले. माइट पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून जगतात. सह्याद्रीच्या कोरड्या बाजूला उन्हाळ्यात ते तगून राहणे कठीण. कोकणात पावसाळाभर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, आणि कापसाची गादी, वाकळ, गोधडी माजघरात घडी घालून ठेवलेली. त्यांना यापेक्षा चांगले बिऱ्हाड मिळणार नाही. जोडीला चिऱ्याच्या भिंतीवर चढलेली ओल, कपाटामागची काळी बुरशी आणि गणपतीच्या तोंडावर एका दिवसात झाडून काढलेला माळा. झाडणाराच दमेकरी असला तर आरतीपर्यंत त्याच्या छातीत शिट्टी वाजू लागते.

गोधडी अंगणात झटकून माइट जात नाहीत, फक्त धूळ उडते. ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हाताला सोसवणार नाही इतक्या कढत पाण्यात धुतले तर किडे मरतात आणि प्रथिनेही धुऊन जातात. कडक ऊन किडे मारते, पण प्रथिने कापसात तशीच राहतात. म्हणून उन्हानंतर गादी झटकायची ती दमेकऱ्याने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. माळा ओल्या फडक्याने पुसावा.

धुराचे प्रकरण वेगळे. चूल, न्हाणीघराचा बंब, गोठ्यातली धुरी, डासांची कॉइल, वैशाखातली भाजावळ, काजू सालासकट भाजताना उठणारा तिखट धूर : हे ॲलर्जीने नव्हे, जळजळीने नळी आवळतात. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईची धाप पुष्कळदा दमा नसतेच, तो सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार, असतो. दमा येतो-जातो, मध्ये माणूस ठणठणीत असतो. सीओपीडीतली धाप हळूहळू वाढत जाते. फरक स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून श्वास मोजायच्या चाचणीत, दिसतो. सालब्युटामॉलचे २०० ते ४०० मायक्रोग्रॅम देण्याआधी आणि नंतर फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर पारडे दम्याकडे झुकते. बऱ्या दिवशी चाचणी नॉर्मल आली म्हणून दमा नाही असे मात्र ठरत नाही.

१९९३मध्ये सुरू झालेल्या ‘गिना’ या दम्याच्या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या जागतिक उपक्रमाने २०१९मध्ये आधीची भूमिका बदलली : मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या सालब्युटामॉलवर राहू नये, त्रास कधीमधी होत असला तरी सूज उतरवणारे औषध सोबत हवे. आता बुडेसोनाइड हे स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल हे नळी सैल करणारे औषध एकत्र असलेला एकच पंप गरजेला किंवा रोज वापरायला सांगतात. कोणता, किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. सालब्युटामॉलचा २०० फवाऱ्यांचा पंप महिन्याभरात संपत असेल, तर तो दमा हाताबाहेर चालला आहे.

पंप घेण्यातच निम्मे औषध वाया जाते. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटावेत, सावकाश आत ओढायला लागताच दाबावे, दहा सेकंद श्वास धरून ठेवावा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर दाबण्या-ओढण्याचा मेळ चुकत नाही. एका वेळी एकच फवारा. स्टिरॉइडनंतर खळखळून चूळ भरावी, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा शिट्टी अचानक थांबून छाती गप्प होते, तेव्हा वाट पाहू नये. १०८ला फोन करावा. गाडी वाडीवर चढेपर्यंत स्पेसरमधून सालब्युटामॉलचे चार ते दहा फवारे, एकेक करून, दर २० मिनिटांनी पहिल्या तासात देता येतात.

किनाऱ्यावर उपकरणात टोचून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूलचा घोटाळा जास्त होतो. हे औषध कोरडे असते, सावकाश नव्हे तर जोरात आणि खोल ओढावे लागते. उपकरणात फुंकर मारली की श्वासाच्या वाफेने पावडर गोळा होते. सगळ्या कॅप्सूल पाकिटातून काढून डबीत भरून ठेवायची सवयही इथे नडते. श्रावणातल्या हवेत त्या ओल धरतात, टोचल्या तरी पावडर आतच चिकटते, आणि रोग्याला वाटते आपण औषध घेतले. घेऊन झाल्यावर कॅप्सूल उजेडात धरून पाहावी. आत पांढरे दिसले तर तीच पुन्हा ओढावी. पुढची घेण्याच्या क्षणापर्यंत पाकीट फोडू नये.